मैदानावरची पाहुणी

यज्ञेश्वरराव चिटणीसांनी आजीव सदस्यत्वाचं कार्ड जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मुक्ता मेथी निवडत होती. तिनं कार्ड उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि देठांच्या ढिगावर ठेवून दिलं.

"आजीव म्हणजे कुणाचा जीव हो? तुमचा का क्लबचा?"

"अगं, नवरत्न गोल्फ क्लब आहे तो. नानाखेड्याच्या पुढे. सगळं शहर आता तिकडेच सरकतंय."

"शहर सरकू द्या. तुम्ही कशाला सरकताय?"

मुक्ताची जीभ उज्जैनच्या माधवनगरात सगळ्यांना ठाऊक होती. जिथे नवऱ्याची बदली होईल तिथल्या रेल्वेच्या शाळेत तिनं तीस वर्षं गणित शिकवलं होतं, आणि चुकीचं उत्तर दिसलं की गप्प बसायचं हे तिला कधी जमलंच नव्हतं. नवरत्न क्लबाची कुंडली तिला पाठ होती. एका बिल्डरनं सोयाबीनची शेतं घेऊन तिथे प्लॉट पाडले. प्लॉट काही उठेनात. मग त्यानं मधोमध गवत लावलं, नऊ होल केले आणि विक्रमादित्याच्या दरबारातल्या नऊ रत्नांची नावं त्यांना देऊन टाकली. पहिला होल धन्वंतरी. त्याच्या पाटीखाली एका औषधाच्या दुकानाची जाहिरात.

तिला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. गोल्फ त्या दोघांचा होता. लग्नानंतर चौथ्या वर्षी खरगपूरला बदली झाली, तेव्हा रेल्वे कॉलनीत एक जुनं, अर्धं रानात गेलेलं मैदान होतं. साहेब लोक खेळायचे आणि त्यांच्या बायका व्हरांड्यात तंबोला खेळायच्या. मुक्तानं दोन रविवार तंबोला खेळून पाहिला. तिसऱ्या रविवारी ती उठली, नवऱ्याच्या बॅगेतली एक काठी घेतली आणि मैदानावर गेली. सहा महिन्यांत तिचा चेंडू नवऱ्याच्या चेंडूपेक्षा सरळ जायला लागला. यज्ञेश्वररावांनी ते हसून मान्य केलं, आणि खरं सांगायचं तर मुक्ताला तेव्हाच ते नवरा म्हणून मनापासून आवडले.

पुढे लोक सुट्टीत देवदर्शनाला जायचे, ही दोघं मैदानं बघायला जायची. दोघांत मिळून एक बॅग, अकरा काठ्या. खिडकीवर एका दिवसाची फी भरायची आणि बॅग वाहणाऱ्या सगळ्यात म्हाताऱ्या कॅडीला धरून विचारायचं, "बाबा, इथे फसवणारी जागा कोणती?" महूच्या छावणीत झालं, जबलपूरला झालं, शिलाँगच्या पाइनच्या झाडांतही झालं. एके ठिकाणी होलभोवती हिरवळच नव्हती, तेल शिंपडलेली वाळू होती. प्रत्येक खेपेला चटई ओढून ती सारखी करायची आणि मगच चेंडू ढकलायचा. तीसेक मैदानं झाली असतील. कुठेही यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं आणि त्यातच मजा होती. मुक्ताचं म्हणणं असं, की परक्याच्या घरी माणूस जसा नीट मांडी घालून बसतो, तसा परक्या मैदानावर नीट खेळतो.

मग यज्ञेश्वरराव निवृत्त झाले. उज्जैनला परत आले. घराणं शिंद्यांच्या फडावरच्या चिटणिसांचं, नोकरी रेल्वेतली वरच्या हुद्द्याची, पण इथल्या रस्त्यावर ते कुणाला माहीत? निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात नानाखेड्याच्या बस स्टँडसमोर एका रिक्षावाल्यानं त्यांना "ओ अंकल, साइड में हो लो" म्हटलं. घरी येऊन ते दिवसभर बोलले नाहीत. मुक्तानं तेव्हाच ओळखलं होतं, की आता हे कुठेतरी सलाम विकत घ्यायला जाणार.

आणि क्लबात सलाम होते. फाटकावर एक, गाडी लावताना एक, चहा येताना एक. तीन महिन्यांत यज्ञेश्वरराव "आमच्याकडे" म्हणायला लागले. आमच्याकडे कॉलरशिवाय चालत नाही. आमच्याकडे चप्पल अलाउड नाही. माळव्याच्या उन्हात त्यांनी गडद निळा ब्लेझर शिवून घेतला, खिशावर नऊ चांदण्या.

"नऊ कशाला?" मुक्ता म्हणाली. "तुमच्यात एखादं रत्न खरं असलं तर एकच चांदणी पुरे. बाकीची काच."

दरवर्षी जानेवारीत ते कुठेतरी खेळायला जात. या वर्षी नागपूरचं ठरलं होतं. संक्रांतीच्या आधी आठ दिवस यज्ञेश्वररावांनी ते मोडलं.

"तेव्हा आमच्याकडे हँडिकॅप ठरवतात. मला चौदा मिळतोय."

हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत. आकडा जितका लहान, तितका खेळाडू मोठा. मुक्ताच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"तुम्हाला? चौदा? अहो, मागच्या वर्षी जबलपूरला तुमचे एकशे बारा झाले. कागदावर मीच लिहिलेत."

"ते परकं मैदान होतं. आपल्या मैदानावर माणूस खुलतो."

"खुलतो का झाकला जातो, ते बघावं लागेल."

तिला फार दिवस थांबावं लागलं नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी क्लबानं 'कपल्स संडे' ठेवला. यजमानांनी खेळायचं आणि बायकांनी त्यांच्याबरोबर चालत त्यांचे फटके कार्डावर लिहायचे. शेवटी सही करायची, की लिहिलंय ते खरं आहे. मुक्तानं क्लबाचे सेक्रेटरी माणिकभाई यांना सरळ विचारलं, "मैं क्यों नहीं खेल सकती?"

"भाभीजी, लेडीज़ के लिए पटिंग है ना, चाय के बाद," माणिकभाई गोड हसले. "गिफ्ट हैम्पर भी रखा है." पटिंग म्हणजे जवळून चेंडू भोकात ढकलायचा, एवढंच.

यज्ञेश्वररावांच्या जोडीला डॉक्टर विक्रांत मुजुमदार होते. शहरातले चलतीतले दंतवैद्य, वयानं दहा वर्षांनी लहान, मुक्ताला वहिनी म्हणणारे. त्यांची बायको प्रतिभा हातात पेन्सिल आणि कार्ड घेऊन त्यांच्या मागे दोन पावलांवर चालत होती. ऊन छान होतं. पलीकडच्या वस्तीत पोरं अजून संक्रांतीचा गिल्लीदांडा खेळत होती आणि "गई, गई!" असा ओरडा ऐकू येत होता. त्या पोरांचं मोजमाप इकडच्यापेक्षा चोख असेल, असं मुक्ताच्या मनात आलं.

दुसऱ्या होलवर यज्ञेश्वररावांचा चेंडू भोकापासून हातभर अलीकडे राहिला. डॉक्टर म्हणाले, "दिला, दिला, भाऊसाहेब!" आणि यज्ञेश्वररावांनी तो न ढकलताच उचलून खिशात टाकला. मैत्रीत चालतं ते, पण स्पर्धेत शेवटचा फटका मारावाच लागतो. मुक्तानं तो न मारलेला फटका धरून आकडा लिहिला. थोड्या वेळानं डॉक्टरांचा चेंडू चांगला दोन हात लांब राहिला. "दिला!" यज्ञेश्वरराव म्हणाले. प्रतिभानं नवऱ्याकडे पाहिलं, त्यांनी चार बोटं दाखवली, तिनं चार लिहिले. असं देणंघेणं तीनदा इकडून आणि तीनदा तिकडून झालं.

सातव्या होलचं नाव शंकू. तिथे यज्ञेश्वररावांचा फटका उजवीकडे बाभळीत गेला. काळी माती थंडीतच भेगाळायला लागली होती आणि चेंडू एका भेगेच्या तोंडाशी, मुळीला टेकून बसला होता. यज्ञेश्वरराव त्याच्यापाशी गेले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. डॉक्टर लांब होते. मग त्यांनी बुटाच्या टोकानं चेंडू हळूच बाहेर गवतावर सरकवला. अगदी नाजूकपणे, सवयीनं.

मुक्ता आठ पावलांवर उभी होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. आपली बायको म्हणजे पाहणाऱ्यांत धरायची नाही, हे त्यांनी इतक्या सहज गृहीत धरलं होतं, की तिला क्षणभर हसूच आलं. मग ते हसू कडू झालं. हा माणूस शिलाँगला धुक्यात एकटाच चेंडू शोधून परत आला होता आणि "काठी लागून हलला गं, एक वाढव" म्हणाला होता. तिथे तर बघायला कुत्रंसुद्धा नव्हतं.

नऊ होल संपले. शामियान्यातल्या टेबलापाशी माणिकभाई कार्डं गोळा करत होते. यज्ञेश्वरराव हात पुसत आले.

"किती? बेचाळीस ना?"

"सत्तेचाळीस," मुक्ता म्हणाली.

"काय?"

"तीन न मारलेले. आणि शंकूवर बूट लावलात, त्याचा दोनचा दंड. तीन आणि दोन पाच. बेचाळीस आणि पाच सत्तेचाळीस."

यज्ञेश्वररावांचा चेहरा पडला. त्यांनी तिच्या कोपराला धरून बाजूला घेतलं. "मुक्ता, घरी बोलू आपण."

"घरी कशाला? घरात कुठे तुम्ही चेंडू लाथाडलाय?"

"हळू बोल. सगळे ऐकतायत."

"मग बेचाळीस करून सही करायला लावू नका. मी सत्तेचाळीसवर करते. लगेच करते."

माणिकभाई उठून आले. "भाभीजी, साइन कर दीजिए ना. फॉर्मेलिटी है."

"फॉर्मेलिटी है तो आप ही कर दीजिए."

माणिकभाईंना खरंच तसं करायला काही वाटलं नसतं, पण डॉक्टर विक्रांत मध्ये पडले. "वहिनींना आमच्याकडचे नियम माहीत नाहीत, त्यांचं काही चुकलं नाही. मी बरोबर होतो, मी करतो सही." त्यांनी नवीन कार्ड मागवलं, बेचाळीस लिहिले आणि लांबलचक सही ठोकली. शेजारी प्रतिभानं आपल्या नवऱ्याच्या कार्डावर सही केली. तिनं मुक्ताकडे एकदाच पाहिलं आणि पेन्सिल पर्समध्ये ठेवायला लागली.

अर्ध्या तासानं यज्ञेश्वररावांना पहिला कप मिळाला. टाळ्या झाल्या. मुक्ता आयुष्यभर भांडायला तयार असणारी बाई, पण इथे तिच्याशी कुणी भांडलंच नाही. तिचे सत्तेचाळीस कुणी खोटे म्हटले नाहीत. त्यांना फक्त वळसा घातला. पटिंगला ती थांबली नाही. रिक्षा करून घरी आली.

यज्ञेश्वरराव कप घेऊन आले तेव्हा साडेचार वाजले होते. त्यांनी तो टीव्हीशेजारी ठेवला आणि ब्लेझर न काढताच बसले.

"तुला काय मिळालं हे करून?"

"तुम्हाला काय मिळालं, ते दिसतंय समोर. जर्मन सिल्व्हर."

"सगळे करतात, मुक्ता. सगळ्यांना माहीत असतं. आज विक्रांतनं माझं सांभाळलं, उद्या मी त्याचं सांभाळीन. सदस्य म्हणजे हेच असतं. तू काय, पैसे भरतेस, खेळतेस आणि निघून येतेस. चांगलं खेळलीस तरी कुणाला कळत नाही, वाईट खेळलीस तरी कळत नाही. तुझं असं आहे कोण त्या मैदानांवर?"

"तुम्ही होतात," मुक्ता म्हणाली.

ती उठून आत गेली. पण त्यांचं ते वाक्य तिला लागलं, आणि लागलं म्हणून त्यांचा आणखी राग आला.

दोन दिवसांनी ती क्लबात गेली. माणिकभाईंना म्हणाली, की सदस्याची पत्नी म्हणून माझं नाव यादीत आहे, ते काढून टाका.

"भाभीजी, लोग नाम जुड़वाने आते हैं. आप निकलवाने आई हैं?"

"हाँ. मुझे यहाँ खेलना है. विज़िटर बनके, फीस देके. पत्नी बनके तो आप हैम्पर देते हैं."

पाहुण्यांनी खेळायला क्लबात बंदी नव्हती. तसं कुणी आजवर आलंच नव्हतं. माणिकभाईंनी बराच वेळ कपाटात शोधून एक फॉर्म काढला. त्यावर मूळ सदस्याची सही हवी होती. मुक्तानं फॉर्म घरी आणून यज्ञेश्वररावांच्या चष्म्याखाली ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि फ्रिजवर टाकला. तिथे तो आठ दिवस पडून राहिला. दोघं जेवत होते, महाकाळाला जाऊन येत होते, भाजी कोणती यावर बोलत होते. फॉर्मचं नाव कुणी काढत नव्हतं.

नवव्या दिवशी यज्ञेश्वररावांची थोरली बहीण अक्का देवासहून हळदीकुंकवाच्या निमित्तानं आली. कप बघून म्हातारी हरखली. "यज्ञू, सांग तरी कसा जिंकलास!" यज्ञेश्वररावांनी आधी मुक्ताकडे पाहिलं. ती तिळाच्या वड्या ताटलीत मांडत होती. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ऊन कसं होतं, वारा कसा उलटा होता, सातव्या होलवर चेंडू बाभळीखाली जाऊनही बाहेर कसा काढला. सांगता सांगता ते थांबायचे, मुक्ताकडे बघायचे आणि पुन्हा पुढे जायचे. मुक्तानं अक्काला वडी दिली, चहा दिला, कुंकू लावलं. एक शब्द बोलली नाही.

अक्का गेल्यावर यज्ञेश्वरराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काही बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?"

"काहीही. आजवर कधी कुणाची भीड धरलीस तू? माझ्या जनरल मॅनेजरला तोंडावर सुनावलं होतंस."

"त्याला सुनावण्यात अर्थ होता," मुक्ता कपबशा विसळत म्हणाली. "तो सुधारेल असं वाटलं होतं."

यज्ञेश्वररावांनी फ्रिजवरचा फॉर्म काढला, डायनिंग टेबलावर पसरला आणि इतक्या जोरानं सही केली, की कागद फाटायचा राहिला.

"घे. हो पाहुणी."

बुधवारी सकाळी मुक्तानं खिडकीवर फी भरली. आत नोंदवहीत पाहुण्यांसाठी रकानाच नव्हता, म्हणून कारकुनानं तिचं नाव 'माली व मजदूर' या पानाखाली लिहिलं. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, "राहू दे. इथे खरं काम करणाऱ्यांचं एवढंच पान आहे."

ती एकटी खेळली आणि वाईट खेळली. धन्वंतरीवर आठ. चौथ्यावर चेंडू तळ्यात गेला. फटका बरा बसला की ती सवयीनं मागे वळून बघायची आणि मागे कुणी नसायचं. नवऱ्याचं बोलणं अगदीच पोकळ नव्हतं तर. हे मनात आलं तशी ती स्वतःवरच चिडली आणि पुढचा फटका आणखी वाकडा गेला.

सहाव्या होलच्या कडेनं प्रतिभा फिरायला आली होती. पायात पांढरे बूट, डोक्यावर टोपी. ती थबकली आणि कुंपणाशीच उभी राहिली.

"मुक्तावहिनी, तुम्ही त्या दिवशी खरंच पाहिलं होतंत? बूट लावताना?"

"खोटं पाहायचा मला सराव नाही."

प्रतिभा जवळ आली. "आमचे दर वेळी चार-पाचदा करतात. तीन वर्षं मी सही करतेय. तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं आता काहीतरी होईल. आकाश कोसळेल. आणि काहीच झालं नाही."

"हो. मलाही तेच वाटलं होतं."

"म्हणजे सही नाही केली तरी काही होत नाही," प्रतिभा म्हणाली, आणि ती हे इतक्या गंभीरपणे म्हणाली, की मुक्तानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. आतापर्यंत ही बाई तिला पेन्सिल धरणारी बाहुली वाटत होती. तिलाही आपण माणसांत धरलं नव्हतं, हे मुक्ताच्या ध्यानात आलं आणि जरा लाज वाटली.

"खेळता येतं का तुला?"

"एकदा मारून पाहिलं होतं. हे म्हणाले, गवत खराब होतंय."

मुक्तानं तिच्या हातात काठी दिली. प्रतिभाचे पहिले दोन फटके हवेत गेले. तिसऱ्याला चेंडू उडाला, फार लांब नाही, पण सरळ. प्रतिभा त्याच्याकडे बघत राहिली.

"फेब्रुवारीत मी जबलपूरला चाललेय," मुक्ता म्हणाली. "येतेस?"

डॉक्टरांनी आधी चेष्टा केली, मग आजारी सासूबाईंचं निमित्त काढलं, मग चार दिवस अबोला धरला. यज्ञेश्वररावांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दोघींत एक बॅग पुरेल?" मुक्ता म्हणाली, पुरते. त्यांना यायचं होतं की नव्हतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. शनिवार होता, यज्ञेश्वररावांची गाडी ठरल्या वेळी नानाखेड्याकडे, क्लबाला निघाली.

जबलपूरला सकाळी धुकं होतं. खिडकीवर दोन नावं लिहिली, दोघींची फी भरली. पाहुण्यांच्या पानावर जागा भरपूर होती. पहिल्या होलवर प्रतिभानं चेंडू झुडपात घातला, बाहेर काढला, वाळूत घातला, तिथून दोन वेळा परत त्याच वाळूत आणला. शेवटी तो भोकात पडला तेव्हा ती घामाघूम झाली होती. मुक्तानं कार्ड आणि पेन्सिल काढली.

"किती गं?"

प्रतिभा बोटांवर मोजायला लागली. "झाडात तीन... वाळूत पाच, मग... अकरा. नाही, थांबा वहिनी. पहिला एक हवेतच गेला होता, तो तुम्ही बघितला नाहीत. बारा."

"बारा," मुक्ता म्हणाली आणि लिहिलं.